पंचमचा कान आणि आवाजाचा हेलकावा

राहुल देव बर्मन यांना जाऊन आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ४ जानेवारी १९९४ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५४ वर्षांचे होते. एवढ्या काळात गाणी ऐकण्याची साधने किती बदलली! तबकड्या गेल्या, कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि त्याही गेल्या. पण आमच्या बुलढाण्याकडे गणेशोत्सवातला वाद्यवृंद असो, लग्नाची वरात असो की रात्रीच्या ट्रॅव्हल्समधला ड्रायव्हर जागा राहावा म्हणून लावलेली गाणी असोत, पंचमची गाणी काही गेलेली नाहीत. ज्यांचा जन्मच त्यांच्या निधनानंतर झाला, ती मुलेही ती मन लावून वाजवतात.

मी गिटार वाजवतो आणि शिकवतो, म्हणून ही मुले माझ्याकडे येतात. हल्ली त्यांच्याजवळ एक लहानशी पत्र्याची डबी असते. पायाने दाबायची. तिच्या एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि वर चार कान असतात, जुन्या रेडिओला असत तसे. या डबीला फ्लँजर म्हणतात. कोणता कान किती पिरगळायचा, हे मुलांना हवे असते. मी ते सांगतो. पण त्याआधी पंचमचे आयुष्य सांगतो. कारण डबी चार दिवसांत कळते. ती कशासाठी वापरायची हे कळायला त्या माणसाच्या कानाची गोष्ट ठाऊक असावी लागते.

पंचमचा जन्म २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात झाला. वडील सचिन देव बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले, पण राजवाड्यापेक्षा नदीकाठच्या नावाड्यांच्या गाण्यांत रमणारे. आई मीरा देव बर्मन स्वतः गीतकार. तान्हेपणी हे बाळ रडायचे ते पाचव्या सुरात, म्हणून त्याला पंचम नाव पडले, असे सांगतात. दुसरी कथा अशी की, नाव ठेवले अभिनेते अशोककुमार यांनी. कथा कोणतीही खरी माना, ज्या घरात मुलाचे रडणेही सुरात मोजले जाते, त्या घरात वाढण्याचे सुख आणि ओझे दोन्ही या मुलाच्या वाट्याला आले.

लहानपणी त्याने बांधलेली एक चाल वडिलांनी १९५६ च्या ‘फंटूश’ चित्रपटात वापरली. मुलाला आनंदही झाला असेल आणि रागही आला असेल. पुढे ‘प्यासा’तल्या तेलमालिशवाल्याच्या गाण्याची मूळ चालही पंचमचीच, असे सांगितले जाते. शिक्षण मात्र कडक होते. सरोदसाठी उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यासाठी पंडित सामताप्रसाद. सलील चौधरी यांनाही ते गुरू मानत. शिवाय खिशात माउथ ऑर्गन. १९५८ च्या ‘सोलवा साल’मध्ये देव आनंद आगगाडीत बसून गातो त्या गाण्यातला माउथ ऑर्गन पंचमच्या ओठांवरचा आहे.

मग वडिलांचा सहायक म्हणून उमेदवारी सुरू झाली. ‘चलती का नाम गाडी’, ‘कागज के फूल’, ‘बंदिनी’, ‘गाइड’. या काळात त्यांनी स्वर जुळवायला शिकले तसे माणसे जुळवायलाही शिकले. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर हे तिघे पुढे पंचमचे उजवे हात झाले. मारुतीरावांच्या तबल्याने आणि मादलच्या ठेक्याने पंचमच्या कितीतरी गाण्यांना चाल दिली. चाल म्हणजे चालण्याची ढब, या अर्थाने म्हणतो आहे.

स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला प्रदर्शित चित्रपट १९६१ चा ‘छोटे नवाब’. त्यात लतादीदींनी त्यांच्यासाठी पहिले गाणे गायले. पण नाव झाले ते १९६६ च्या ‘तीसरी मंजिल’ने. शम्मी कपूरला शंकर-जयकिशनच हवे होते. या पोराच्या चाली ऐकल्यावर त्याचा विरोध मावळला. पुढच्या दहा वर्षांत ‘पडोसन’, ‘कटी पतंग’, ‘कारवाँ’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘अमर प्रेम’, ‘परिचय’, ‘यादों की बारात’, ‘आँधी’, ‘शोले’ अशी रांग लागली.

त्याच बरोबर एक आक्षेपही लागला. हा पोरगा गोंगाट करतो, बापाचा मधुर वारसा सोडून पाश्चात्त्य धांगडधिंगा करतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य कायम असे. त्यात थोडे तथ्य नव्हते असे नाही. काही परदेशी चालींची सावली त्यांच्या गाण्यांवर स्वच्छ दिसते. पण गोंगाट आणि आवाजाचा शोध यांत फरक आहे. ‘पडोसन’मधल्या खिडकीच्या गाण्यात त्यांनी साध्या कंगव्याच्या दात्यांचा खर्र आवाज ठेक्यात बसवला. ‘यादों की बारात’मध्ये काचेच्या पेल्याच्या किणकिणाटाने एक प्रेमगीत सुरू केले. ‘शोले’मधल्या जिप्सींच्या नाचगाण्यासाठी बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून घेतली. बाटलीत पाणी कमी-जास्त केले की सूर खाली-वर होतो, हे शाळेतल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. पंचमने ते गंमत म्हणून सोडून दिले नाही. घरात, रस्त्यात, वर्गात ऐकू येणाऱ्या आवाजांत गाण्याला काही कामाचे आहे का, हे हा माणूस सतत तपासत होता.

१९७७ साली गुलजार यांचा ‘किताब’ आला. शाळेला आणि घरातल्या ताणाला कंटाळून पळून जाणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट. मुलगा होता मास्टर राजू. त्यातले वर्गातले धमाल गाणे पद्मिनी आणि शिवांगी या कोल्हापुरे भगिनींनी गायले आहे आणि त्यात शाळेची बाकेच तालवाद्य झाली आहेत. दुसरे गाणे आहे आगगाडीच्या इंजिनातले, धन्नोच्या डोळ्यांचे. ते पंचमने स्वतःच्या घोगऱ्या आवाजात गायले आहे. त्यातली गिटार कान देऊन ऐका. सूर तोच असतो, पण आवाज सतत हलतो. जवळ येतो, पिळला जातो, पोकळ होतो आणि पुन्हा भरून येतो. गाडी बोगद्यात शिरावी आणि बाहेर पडावी तसा. हा परिणाम फ्लँजरचा, असे वादक मंडळी सांगतात. अशा डब्या तेव्हा परदेशातही अगदी नव्या होत्या. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रिक मिस्ट्रेस’ बाजारात आली ती १९७६ साली. म्हणजे जगाच्या पाठीवर वस्तू येते न येते तोच मुंबईतल्या एका गाण्यात हा हेलकावा ऐकू आला होता.

हा परिणाम माणसाला सापडला मात्र त्याआधी, टेपवर. एकच ध्वनिमुद्रण दोन टेपरेकॉर्डरवर एकाच वेळी लावायचे आणि त्यातल्या एका चक्रीच्या कडेला बोट टेकवून तिला किंचित रेंगाळवायचे. दोन्ही आवाज एकत्र केले की तो विलक्षण हेलकावा तयार होतो. चक्रीच्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात. त्यावरून हे नाव. अमेरिकेत १९५९ साली टोनी फिशर या गायिकेच्या एका गाण्यात तो सर्वांनी ऐकला. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले अभियंते केन टाउनसेंड यांनी बीटल्ससाठी टेपवरच आवाज दुहेरी करण्याची युक्ती काढली, तीही याच कुळातली.

पण निसर्गात हा आवाज पहिल्यापासून आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६९३ साली फ्रान्समधल्या शांतिई येथील राजवाड्याच्या बागेत ऐकलेले लिहून ठेवले आहे. कारंज्याच्या खळखळाटाला समोरच्या दगडी पायऱ्यांवरून परत येणारा आवाज मिळाला की त्यातून एक निश्चित सूर ऐकू येत असे. आपल्याला फ्रान्सला जायला नको. लोणारला विवराच्या काठावर जी धार अखंड पडते, तिच्याजवळच्या दगडी भिंतीशी कान नेऊन डोके हळूहळू मागे-पुढे करून पाहा. पाण्याचा आवाज बारीक होतो, जाड होतो, जणू कोणी त्यातून अदृश्य हात फिरवत आहे. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाटात एसटी कड्याला चिकटून वळते, तेव्हा इंजिनाची घरघर अशीच वळते. आणि ज्यांनी लहानपणी रात्री रेडिओ सिलोन ऐकले आहे त्यांना तर हे सांगायलाच नको. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या दोन वेगवेगळ्या वाटांनी येत, एक किंचित उशिरा. त्या एकमेकींत मिसळल्या की गाणे लाटेसारखे पिळवटून जाई. आपण रेडिओला दोन चापट्या मारत असू. पंचमच्या पिढीला जो दोष वाटायचा, तोच त्यांनी गाण्यात अलंकार करून घातला.

यामागचे तत्त्व सोपे आहे. एकच आवाज दोनदा ऐकवायचा, दुसरा पहिल्यापेक्षा अगदी थोडा उशिरा. किती थोडा? सेकंदाचा हजारावा भाग किंवा फार तर दहा-बारा हजारांश. एवढ्या उशिराचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. पण काही सूर असे असतात की पहिल्याची लाट वर जाते नेमकी तेव्हा दुसऱ्याची खाली येते, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. उशीर एक हजारांश सेकंदाचा असेल तर सेकंदाला ५०० कंपनांचा सूर नाहीसा होतो, तसाच १५००चा आणि २५००चा. आवाजात कंगव्याच्या दात्यांसारख्या समान अंतरावर फटी पडतात. उशीर कमी-जास्त होत राहिला की हा कंगवा आवाजाच्या केसांतून खाली-वर फिरतो. कानाला जाणवतो तो हेलकावा हाच.

टेपची दोन यंत्रे पायाखाली कशी ठेवणार? त्यावर तोडगा निघाला १९६९ साली. हॉलंडच्या फिलिप्स प्रयोगशाळेतल्या सँगस्टर आणि टीर या दोघांनी एक मंडल तयार केले. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि बादल्या हातोहात पुढे जातात, तसे या मंडलात आवाजाचे थेंब विजेच्या रूपाने एका घरातून पुढच्या घरात ओतले जातात. इंग्रजीतले त्याचे नावही बादल्यांच्या रांगेवरूनच आहे. पुढे त्याची नखाएवढी चिप झाली. एका चिपमध्ये अशी १०२४ घरे असतात आणि एका ठेक्याला थेंब दोन घरे पुढे सरकतो. ठेका सेकंदाला एक लाख वेळा पडत असेल, तर आवाज पलीकडे पोचायला साधारण पाच हजारांश सेकंद लागतात. ठेका पाचपट जलद केला की उशीर एकावर येतो. म्हणजे डबीतला सगळा खेळ ठेका जलद-संथ करण्याचा आहे. यात कुठेही आकड्यांत रूपांतर नाही, संगणक नाही; म्हणून या डब्यांना ॲनालॉग म्हणतात. बादली देताना थोडे पाणी सांडतेच, तसा या डब्यांत आवाजाचा टोकदारपणा थोडा कमी होतो आणि किंचित सळसळ मिसळते. अनेकांना ती ऊबच आवडते.

आता ते चार कान. डबीनुसार नावे थोडी बदलतात, पण जपानच्या बॉस कंपनीने १९८० साली काढलेल्या डबीवर जी नावे होती, तीच बहुतेक ठिकाणी चालतात.

पहिला कान मॅन्युअल. मूळ उशीर किती, हे तो ठरवतो. कंगवा डोक्यावर कुठे टेकवायचा, एवढेच त्याचे काम. एका टोकाला आवाज बारीक आणि चकचकीत, दुसऱ्या टोकाला जाड, बंद खोलीत गायल्यासारखा. दुसरा कान डेप्थ. त्या जागेपासून कंगवा किती खाली आणि किती वर फिरावा, हे तो सांगतो. डेप्थ शून्यावर असेल तर कंगवा स्थिर राहतो. गिटार पत्र्याच्या नळीतून वाजल्यासारखी ऐकू येते आणि त्या वेळी तिसरा कान फिरवून काहीच फरक पडत नाही. हे न कळल्यामुळे डबी बिघडली असे समजून ती दुकानात परत नेणारी मुले मी पाहिली आहेत.

तिसरा कान रेट. हेलकाव्याचा वेग. अगदी संथ ठेवला तर एक फेरी दहा-पंधरा सेकंदांची होते. जलद केला तर पाण्यावर उन्हाचे कवडसे थरथरावेत तसा आवाज थरथरतो. इथे तालाचा विचार हवा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर तीनतालाचे सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांत संपते. हेलकावाही आठ सेकंदांचा ठेवा, म्हणजे तो समेशी नाते सांगू लागेल. पण जुन्या डबीला ताल कळत नाही, ती आपल्याच नादात चालते. म्हणून ती केव्हा दाबायची हे पायाला कळले पाहिजे.

चौथा कान रेझोनन्स. काही डब्यांवर याला कलर म्हणतात. बाहेर पडलेला आवाज थोडा पुन्हा आत सोडायचा, म्हणजे रांगेच्या शेवटच्या माणसाने बादलीतले थोडे पाणी परत विहिरीत ओतायचे, तसे. याने फटी खोल होतात आणि मधले उंचवटे धारदार. आवाज धातूचा होतो, विमान डोक्यावरून गेल्यासारखा घोंगावतो. फार वाढवला तर डबी स्वतःच एक सूर धरते. उशीर पाच हजारांश असेल तर २०० कंपनांचा आणि त्याच्या पटीतले सूर उठून येतात. तो सूर गाण्याच्या षड्जाशी जुळला नाही तर गायकाचे डोके फिरते. म्हणून रेझोनन्स वाढवताना मॅन्युअल पुन्हा लावून घ्यावा लागतो; तंबोऱ्याची जवारी लावताना जसे पुन्हा पुन्हा ऐकावे लागते तसे.

मी मुलांना सुरुवातीला असे लावून देतो: मॅन्युअल मध्यावर, डेप्थ अर्धी, रेट घड्याळाच्या नऊवर आणि रेझोनन्स शून्य. या लावणीत साधे कॉर्ड छेडले की आवाजाला फक्त श्वास येतो. आगगाडीचा घोंगाट हवा असेल तर रेट आणखी संथ, डेप्थ पूर्ण, रेझोनन्स तीनवर. आणि आवाज करकरीत करणारी दुसरी डबी असेल तर ती आधी, फ्लँजर नंतर. कारण कंगवा फिरायला केस दाट हवेत. नायलॉनच्या तारांच्या मऊ गिटारमध्ये वरचे स्वरांश कमी असतात, तिथे फ्लँजर जेमतेम जाणवतो. करकरीत आवाजात तो खुलतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आवाज या कानातून त्या कानात फिरवण्यासाठी दोन स्पीकर लागतात. फ्लँजरला एकच पुरतो, कारण तो आवाजाची जागा नव्हे, आवाजाचा पोतच हलवतो. १९७७ साली आमच्याकडे घरोघरी एका स्पीकरचा ट्रान्झिस्टर होता आणि थिएटरातही पडद्यामागून एकाच पट्टीचा आवाज येई. त्या एवढ्याशा स्पीकरमधूनही पंचमची गाडी हलती ऐकू येत होती. खेड्यातल्या श्रोत्यापर्यंत नवलाई पोचवायची तर ती त्याच्या साध्या यंत्रातून पोचली पाहिजे.

तेव्हाच्या ध्वनिमुद्रणाची रीतही लक्षात घ्या. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये पंचमची बरीच गाणी मुद्रित झाली. व्हायोलिनवाले, तालवाले, गिटारवाले, गायक, सगळे एकाच वेळी वाजवत-गात. शेवटच्या कडव्यात एकाचा कान चुकीचा फिरला तर पन्नास-साठ माणसांना पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी नव्या डबीचा प्रयोग करायचा म्हणजे स्वतःच्या कानावर मोठा भरवसा हवा. शिवाय परदेशी उपकरणे मिळवणे सोपे नव्हते. जे हाती येई त्याचे काय करायचे, ते आधी डोक्यात ऐकू यावे लागे.

१९८० साली पंचम आणि आशा भोसले यांचा विवाह झाला. पहिला विवाह १९७१ मध्ये संपुष्टात आला होता. आशाताईंच्या आवाजाला त्यांनी जितकी वळणे दिली तितकी क्वचितच कोणी दिली असतील. श्वास, उसासा, कुजबुज यांनाही त्यांनी स्वरांच्या पंगतीत बसवले. १९८२ च्या ‘सनम तेरी कसम’साठी आणि १९८३ च्या ‘मासूम’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की आता सगळे मार्गी लागले.

इथूनच उतरण सुरू झाली. डिस्कोची लाट आली, सिंथेसायझर स्वस्त झाले. जे काम पूर्वी दहा वादक आणि एक कल्पक माणूस मिळून करत, ते एका यंत्राची कळ दाबून होऊ लागले. पंचमचे चित्रपट एकामागून एक पडले. ज्या नासिर हुसेन यांच्या ‘तीसरी मंजिल’ने नाव दिले, त्यांच्या घरचा १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ आनंद-मिलिंद यांच्याकडे गेला. सुभाष घई यांचा ‘राम लखन’ लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गेला. दैवाची चेष्टा अशी की, ज्याने नव्या उपकरणांना हिंदी गाण्यात मानाचे पान दिले, त्यालाच उपकरणांच्या गर्दीने बाजूला सारले. याच काळात, १९८७ साली, ‘इजाजत’ची अलौकिक गाणी त्यांनी केली, हेही विसरता येत नाही. पण धंद्याला हळुवारपणाचा हिशेब नसतो. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि नंतर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. दिवाणखान्यात निर्मात्यांची वर्दळ असायची, ती ओसरली.

मग विधू विनोद चोप्रा यांनी ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ दिला. पंचमने पहिली चाल ऐकवली ती त्या दिवसांच्या फॅशनची, गजबजलेली. चोप्रा यांना ती मुळीच आवडली नाही आणि तसे त्यांनी तोंडावर सांगितले. हा प्रसंग चोप्रा यांनी अनेकदा सांगितला आहे. ज्या माणसाने भारताला नवे आवाज ऐकायला शिकवले, त्याला पन्नाशी उलटल्यावर चाल पसंत नाही असे ऐकून घ्यावे लागले. पंचमने काही दिवसांची मुदत मागितली. परत आले ते एक साधी, शांत चाल घेऊन, जिच्यात वडिलांच्या बंगालची ओल होती. चित्रपट १९९४ मध्ये प्रदर्शित झाला, गाणी घराघरांत गेली, तिसरा फिल्मफेअर मिळाला. घ्यायला पंचम नव्हते. ज्या लतादीदींनी पहिल्या चित्रपटात गायले होते, त्यांच्याही आवाजात यातले एक गाणे आहे.

हे सगळे सांगून झाल्यावर मी मुलांना विचारतो की, या डबीला पाचवा कान कोणता? डबीवर तो नसतो. डबी बंद करण्याचे जे पायाचे बटण असते ना, तोच तो. ‘किताब’मध्ये हेलकावा हवा होता, कारण एक पळून आलेला पोरगा धडधडत्या इंजिनात उभा होता. ‘१९४२’मध्ये तो नको होता. आक्षेप घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना पंचम उपकरणांच्या मोहात पडलेला दिसला, पण शेवटी त्याने जे केले त्यात उपकरण कुठेच नव्हते आणि पंचम मात्र पूर्ण होता. कंगवा, पेला, बाटली, फ्लँजर ही सगळी त्याची हत्यारे. कान त्याचा स्वतःचा.

आज मोबाइलमध्ये एका पैशाशिवाय असे शंभर परिणाम मिळतात. चांगलेच आहे. ज्या मुलाला हजारो रुपयांची डबी परवडत नाही, त्यालाही लोणारच्या धारेजवळ उभे राहून, राजूर घाटात खिडकीशी बसून पंचमचा धडा गिरवता येतो. आधी ऐकायचे, मग लावायचे, आणि गाण्याला गरज नसेल तेव्हा निमूटपणे पाय उचलून घ्यायचा.